कांजिण्या कोठे जातात?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात रोगजंतूंचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने उभे राहून प्रश्न केला, "सर, आमच्या आजीला नागीण झाली आहे. शेजारच्या मावशी म्हणतात, नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले म्हणजे माणूस वाचत नाही. हे खरे काय?" वर्गात कोणी हसले नाही, कारण निम्म्याअधिक मुलांनी ही गोष्ट आपापल्या घरी ऐकलेली होती, आणि खरे सांगावयाचे तर मीही ती लहानपणी ऐकली होती. "हे खरे नव्हे," एवढेच मी बोललो, आणि तितक्यात तास संपल्याची घंटा झाली. मुलाच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसले की, त्याचे समाधान झाले नाही. व्हावे तरी कसे? शेजारणीने त्याला एक सबंध कथा सांगितली होती आणि मी त्याला केवळ नकार दिला होता. त्या नकाराच्या जागी जे सांगावयास हवे होते ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो. हा लेख पालकांनीही वाचावा अशी विनंती आहे. कारण नागीण हा मुलांपेक्षा त्यांच्या आजीआजोबांचा रोग होय.

प्रथम रोगाचे रूप पाहू. पाठीवर, बरगडीवर, कमरेशी किंवा कपाळावर एका बाजूस आधी आग होते, ठणका लागतो, नुसता सदरा घासला तरी सोसवत नाही. दोनचार दिवसांनी तेथेच लाल चट्टा उमटतो व त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे झुबके येतात. हे झुबके एकापुढे एक असे पट्ट्याने सरकत जातात. आपल्या लोकांनी त्यास नागीण म्हटले ते उगाच नव्हे. प्राचीन ग्रीक वैद्यांनाही तीच चाल दिसली. त्यांच्या भाषेतील 'हर्पीस' या शब्दाच्या मुळाशी सरपटणे हा अर्थ आहे, आणि 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. दोन दूरच्या देशांतील माणसांनी एकाच रोगास जवळजवळ एकच नाव द्यावे, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.

परंतु या नागिणीचे एक वैशिष्ट्य असे की, ती पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेपर्यंत येते आणि तेथे थांबते. पलीकडच्या बाजूस ती सहसा ओलांडत नाही. तिला तेथे कोण अडविते? याचे उत्तर १९०० साली हेन्री हेड व कॅम्पबेल या दोघा वैद्यांनी दिले. नागीण झालेल्या व पुढे काही कारणाने मरण पावलेल्या २१ रोग्यांची शरीरे त्यांनी तपासली. आपल्या पृष्ठरज्जूपासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतील एक तंतू उजवीकडे जातो व एक डावीकडे. स्पर्श व वेदना यांची वर्दी आणणाऱ्या तंतूवर, तो पृष्ठरज्जूत शिरण्यापूर्वी, एक लहानशी गाठ असते व त्या गाठीत त्या तंतूंच्या मूळ पेशी असतात. हेड व कॅम्पबेल यांना असे आढळले की, अंगावर ज्या पट्ट्यात फोड उठले होते त्या पट्ट्याच्या मज्जातंतूची गाठच सुजलेली व बिघडलेली होती. म्हणजे रोग कातडीवर दिसतो खरा, परंतु त्याचे घर पाठीच्या कण्यालगत आहे. उजव्या गाठीची हद्द शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते. पुढचा मुलूख डाव्या गाठीचा. तोंड शेपटीला मिळत नाही ते एवढ्याचसाठी. अतिशय क्षीण झालेल्या रोग्यात क्वचित दोन्ही बाजूंस फोड येतात हे खरे, पण तेव्हाही जो धोका असतो तो त्याच्या क्षीणतेमुळे असतो. वर्तुळ पूर्ण झाल्यामुळे माणूस मरत नाही.

आता या गाठीत रोगाचे बीज येते कोठून? येथे आपणांस लहानपणीच्या कांजिण्यांकडे वळले पाहिजे.

बुडापेस्ट येथील बालरोगवैद्य बोकाई यांनी १८९२ च्या सुमारास एक गोष्ट हेरली : घरातील मोठ्या माणसास नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातील लहान मुलांस कांजिण्या येतात. पुढे १९२५ मध्ये कुंड्राटिट्झ यांनी नागिणीच्या फोडातील पाणी मुलांना टोचून पाहिले, तो त्यांस कांजिण्याच आल्या. (असा प्रयोग आज कोणी करू धजणार नाही व कोणी करूही देणार नाही.) १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत टॉमस वेलर यांनी दोन्ही रोगांचे विषाणू काचपात्रात वाढवून ते एकच असल्याचे दाखविले. शेवटचा पुरावा १९८४ सालचा. एकाच रोग्याच्या आधीच्या कांजिण्यांतील व नंतरच्या नागिणीतील विषाणूंचे जनुकद्रव्य ताडून पाहता ते एकच ठरले. नवीन शत्रू बाहेरून आला नव्हता. जुनाच शत्रू आतून उठला होता.

या सर्व शोधांत मला सर्वांत आवडती हकीकत आहे ती एडगर होप-सिम्प्सन यांची. हे कोणा मोठ्या प्रयोगशाळेचे अधिपती नव्हते. इंग्लंडातील सायरनसेस्टर नावाच्या लहान गावी ते साधी वैद्यकी करीत. त्यांच्याकडे सुमारे साडेतीन हजार माणसांची नोंद होती. १९४७ पासून १६ वर्षे त्यांनी एकच नेम पाळला : नागीण झालेला प्रत्येक रोगी वहीत टिपावयाचा, त्याचे वय लिहावयाचे, त्याला पुन्हा ती झाली की काय ते पाहावयाचे. १६ वर्षांत असे १९२ रोगी जमले. दरम्यान १९५३ मध्ये ते उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी येल या विरळ वस्तीच्या बेटावर गेले व तेथील लोकांच्या नागिणीच्या व कांजिण्यांच्या हकीकती त्यांनी गोळा केल्या. त्यांच्यापुढील कोडे असे होते. गोवरासारखा रोग लहान बेटावर आला म्हणजे सर्वांस होऊन जातो व मग नवीन माणूस सापडत नाही म्हणून विझून जातो. बाहेरून कोणी पुन्हा आणीपर्यंत तो तेथे नसतो. कांजिण्या मात्र लहान वस्तीतही टिकून राहतात. मधल्या वर्षांत त्या असतात कोठे?

१९६५ साली त्यांनी आपले उत्तर प्रसिद्ध केले. त्या म्हाताऱ्यांच्या अंगात असतात! मुलाच्या कांजिण्या बऱ्या होतात, खपल्या पडतात, आई त्याला न्हाऊ घालते. पण विषाणू मेलेला नसतो. तो कातडीतील मज्जातंतूंच्या वाटेने मागे सरकून कण्यालगतच्या गाठीत शिरून बसतो आणि तेथे साठ-सत्तर वर्षे निपचित पडून राहतो. म्हातारपणी एखादे दिवशी तो उठतो, आल्या वाटेने कातडीपर्यंत येतो, नागीण होते, तिच्या फोडांतून तो नातवास लागतो, आणि नातवास कांजिण्या येतात. आजोबांच्या बालपणीचा विषाणू अशा रीतीने नातवाच्या बालपणात उतरतो. होप-सिम्प्सन यांच्या वहीत दहा वर्षांखालील मुलांत दर हजारी वर्षास एकाहूनही कमी नागिणी होत्या. ऐंशीपुढच्या माणसांत त्या दर हजारी सुमारे दहा झाल्या. ८५ वर्षे जगणाऱ्यांपैकी निम्म्यांस एकदा तरी ती होईल, असा त्यांनी हिशेब मांडला. गाठींमध्ये विषाणूचे जनुकद्रव्य प्रत्यक्ष सापडले ते १९८३ मध्ये, म्हणजे त्यांच्या लेखानंतर १८ वर्षांनी.

विषाणू जर जन्मभर आत आहे, तर चाळीस-पन्नास वर्षे तो गप्प कसा बसतो? त्याला कोणी तरी धरून ठेवीत असले पाहिजे, असे होप-सिम्प्सन यांनी म्हटले होते. ते धरून ठेवणारे कोण, हे त्या वेळी पुरते माहीत नव्हते. योगायोग असा की, नेमक्या त्याच वर्षांत त्या पहारेकऱ्यांचा शोध लागत होता.

आपल्या छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगास थायमस नावाची एक मऊ ग्रंथी असते. बालपणी ती मोठी असते, वय वाढेल तशी आटत जाऊन तिच्या जागी चरबी भरते. ही आटणारी ग्रंथी निरुपयोगी असावी असे मोठमोठ्या वैद्यांनाही वाटे. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिले काही दिवस ठीक वाढली. पुढे ती खंगली व साध्या साध्या रोगांनी मेली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी फारच थोड्या उरल्या होत्या, आणि परक्या जातीच्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली तर ते शरीर तिला परके म्हणून ओळखीत नसे. निरुपयोगी ठरविलेली ग्रंथी ही शरीराच्या रक्षकांची शाळा निघाली. तिच्यात तयार होणाऱ्या पेशींस तिच्या आद्याक्षरावरून टी-पेशी हे नाव पडले.

शाळा हा शब्द मी मुद्दाम वापरला, पण आमच्या शाळेहून ती फारच कडक आहे. तेथे प्रत्येक टी-पेशीची परीक्षा होते. स्वतःच्याच शरीरावर उलटेल अशी जी पेशी दिसेल ती तेथेच नष्ट केली जाते. ज्या पेशीस काहीच ओळखता येत नाही तीही मरते. शंभरांपैकी फार तर चारपाच पेशी उत्तीर्ण होऊन रक्तात जातात. आमच्या शाळेचा निकाल असा लागता तर पालकांनी काय केले असते, याची कल्पनाच करवत नाही.

या पेशींचे काम समजून घेण्यापूर्वी एक भेद ध्यानात ठेवावा. रक्तात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे नावाची प्रथिने तरंगत असतात. ती उघड्यावर असलेल्या विषाणूस चिकटून त्यास निकामी करतात. परंतु विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला म्हणजे ती आत जाऊन त्यास पकडू शकत नाहीत. चोर घरात शिरून आतून कडी लावून बसला म्हणजे रस्त्यावरचा शिपाई काय करणार? तेथे टी-पेशी हव्यात. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनत असलेल्या प्रथिनांचे लहान तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून मांडते. जणू घरात काय शिजत आहे त्याची वानगी उंबरठ्यावर ठेवावी. टी-पेशी दारोदार फिरून ही वानगी तपासते. नेहमीचे तुकडे असले तर ती पुढे जाते. विषाणूचा तुकडा दिसला तर त्या घरात चोर आहे हे तिला कळते. ही गोष्ट रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७३ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून दाखविली, व तीबद्दल त्यांस १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी-पेशींत मुख्य दोन वर्ग आहेत. मारक पेशी बाधित पेशीस प्रत्यक्ष ठार करतात. सहायक पेशी रासायनिक निरोप पाठवून मारक पेशींस बळ देतात, प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींस जागे करतात आणि विषाणूची वाढ रोखणारी द्रव्येही सोडतात. कांजिण्यांच्या विषाणूस दाबून ठेवण्यात या सहायक पेशींचा वाटा फार मोठा आहे.

कांजिण्यांचा विषाणूही कमी धूर्त नाही. श्वासावाटे तो घशात येतो, तेव्हा तेथील टी-पेशींतच शिरतो व त्यांच्या पाठीवर बसून रक्तातून कातडीपर्यंत प्रवास करतो! चोराने शिपायाच्याच घोड्यावर स्वार व्हावे तसा हा प्रकार. शिवाय ज्या पेशीत तो शिरतो तिची उंबरठ्यावर वानगी मांडण्याची रीतही तो मंद करतो. यामुळे त्याला सुरुवातीचे दिवस मिळतात. विषाणू शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत जे दहा ते एकवीस दिवस जातात ते असे. पण अखेरीस टी-पेशींची फौज वाढते, एकेका ओळखणाऱ्या पेशीच्या हजारो प्रती होतात, ताप उतरतो व फोड सुकतात. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात. थोड्या मात्र स्मरणपेशी म्हणून वर्षानुवर्षे राहतात. दुसऱ्यांदा कांजिण्या सहसा होत नाहीत ते या स्मरणामुळे व टिकून राहिलेल्या प्रतिपिंडांमुळे.

तोपर्यंत विषाणू गाठीत पोचलेला असतो, आणि तेथे टी-पेशींपुढे मोठा पेच आहे. कातडीची पेशी मारली तर दुसरी येते. मज्जापेशी मारली तर तिच्या जागी नवीन येत नाही. विषाणू लपलेल्या प्रत्येक मज्जापेशीस ठार करीत सुटले तर शरीरच बधिर होईल. दुसरीकडे विषाणूही तेथे आपली बहुतेक जनुके बंद करून पडलेला असतो. तो प्रथिनेच बनवीत नाही, तर उंबरठ्यावर तुकडा येणार कोठून? अशा स्थितीत शरीर व विषाणू यांच्यात जे घडते त्यास विजय म्हणता येत नाही आणि पराभवही म्हणता येत नाही. तो पहारा आहे. पूर्वी आपल्या खेड्यांत गावाची राखण करणारा जागल्या असे; तो चोरांचा नायनाट करीत नसे, रात्रभर जागा असे इतकेच, आणि तेवढ्यानेच गाव निर्धास्त झोपे.

हा पहारा कसा चालतो याची एक झलक याच विषाणूच्या एका भावंडावरील अभ्यासातून मिळाली आहे. तापानंतर ओठांवर फोड येतात ते ज्या विषाणूने, तोही चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत असाच जन्मभर राहतो. उंदरांच्या त्या गाठीत पाहता मारक टी-पेशी मज्जापेशींभोवती बसून असलेल्या दिसल्या. विषाणू किंचित हालचाल करून एखादे प्रथिन बनवू लागताच त्या आपले शस्त्र चालवितात. परंतु २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, त्या शस्त्राने मज्जापेशी मरत नाही. टी-पेशीने आत सोडलेला पाचक रस विषाणूस जागे होण्यासाठी अवश्य असलेले प्रथिनच कापून टाकतो, आणि विषाणू पुन्हा निपचित पडतो. ज्या पेशी इतरत्र बेधडक प्राण घेतात त्यांनी येथे हात इतका आवरून धरावा, हे वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

प्रतिपिंडे असताना टी-पेशींना एवढे श्रेय का, असे कोणी हुशार विद्यार्थी विचारील. निसर्गानेच त्याची परीक्षा करून ठेविली आहे. काही थोड्या मुलांत जन्मतःच प्रतिपिंडे बनविण्याची शक्ती नसते. त्यांना कांजिण्या झाल्या तर बहुधा इतर मुलांप्रमाणेच ती त्यांतून पार पडतात. ज्यांच्यात टी-पेशींचीच उणीव असते अशा मुलांत मात्र त्याच कांजिण्या फुप्फुसांपर्यंत जाऊन प्राण घेऊ शकतात. तसेच रक्ताच्या कर्करोगाचे रोगी, परक्या अवयवाचे रोपण झालेले लोक आणि एड्सच्या विषाणूने ज्यांच्या सहायक टी-पेशी खाल्ल्या आहेत असे तरुण, यांना नागीण पुष्कळ अधिक होते. आणि वृद्धांचे म्हणाल तर त्यांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा पुरेशी सापडतात; घटलेल्या असतात त्या टी-पेशी. थायमस आटल्यामुळे नवीन पेशी येत नाहीत आणि जुन्या थकतात. होप-सिम्प्सन यांच्या वहीतील वयाबरोबर चढत जाणारे आकडे म्हणजे जागल्याच्या वाढत्या वयाचा हिशेबच होय.

जन्मभरच्या पहाऱ्याची किंमतही शरीरास मोजावी लागते. याच कुळातील सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगात कोणताही त्रास न देता असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, तो अंगी बाळगणाऱ्या माणसाच्या स्मरणाच्या टी-पेशींपैकी सरासरीने सुमारे दहावा भाग त्या एकट्यावर डोळा ठेवण्यात गुंतलेला असतो.

थकलेल्या पहारेकऱ्यास पुन्हा ताजे करता येईल काय? ही गोष्ट आता साधली आहे. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांच्या तीन वर्षांच्या मुलास १९६४ मध्ये कांजिण्यांचा फार त्रास झाला. तो त्यांच्या मनास लागला व त्यांनी दहा वर्षांच्या खटपटीने कांजिण्यांच्या विषाणूस दुबळे करून १९७४ मध्ये लस तयार केली. तीच लस कितीतरी पट तीव्र करून साठ वर्षांवरील ३८ हजारांहून अधिक लोकांत पारखली, तेव्हा नागीण निम्म्याने घटली, असे २००५ मध्ये जाहीर झाले. त्यापुढची लस वेगळ्या रीतीची आहे. तीत जिवंत विषाणू नाही, त्याचे एकच प्रथिन आहे, आणि त्यासोबत टी-पेशींस चेतविणारी द्रव्ये आहेत. त्यांतील एक द्रव्य चिली देशातील एका झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यात फेस आणणारे जे द्रव्य असते त्याच जातीचे ते आहे. पन्नास वर्षांवरील १५ हजारांहून अधिक लोकांवरील परीक्षेत या लशीने शंभरांपैकी सुमारे ९७ नागिणी टाळल्या, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. ती आता आपल्या देशातही मिळते. दोन मात्रा घ्याव्या लागतात व किंमत सामान्य कुटुंबास जड जाईल अशी आहे, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

आता थोडे घरातले. माझ्या आईस वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नागीण झाली. मी त्या वेळी परगावी परीक्षांच्या कामात होतो. गावातील एका जाणत्या म्हणविणाऱ्या गृहस्थाने तिच्या पाठीवर गेरूची रेघ ओढून नागिणीचे तोंड बांधले व मंत्र टाकला. पंधरा-वीस दिवसांत फोड सुकले, आणि गावाने त्याची वाहवा केली. फोड सुकविले ते तिच्याच थकल्याभागल्या टी-पेशींनी. ते मंत्रावाचूनही सुकलेच असते. त्या गृहस्थास मी फार दोष देत नाही, कारण त्याचाही आपल्या मंत्रावर विश्वास होता. माझे दुःख निराळे आहे. विषाणूची वाढ थांबविणारे औषध फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग होतो. असायक्लोव्हिर हे या वर्गातील पहिले मोठे औषध. ज्या कामाबद्दल गर्ट्रूड एलियन यांस १९८८ चे नोबेल मिळाले त्यात त्याचाही समावेश आहे. ते गोळ्यांच्या रूपाने तालुक्याच्या गावी सहज मिळत होते, आणि ते तीन दिवस गेरूच्या रेघेत गेले. फोड गेले, पण बिघडलेल्या मज्जातंतूची आग गेली नाही. पुढची चार वर्षे आई पाठीवर पदर टेकू देत नसे व रात्री भिंतीकडे तोंड करून जागी बसे. औषध वेळेवर मिळते तर ही आग राहिलीच नसती असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण तिला ती संधी मिळावयास हवी होती.

म्हणून त्या दिवशी घंटेनंतर मधल्या सुट्टीत मी त्या मुलास बोलावून विचारले, "आजीला फोड केव्हा उठले?" तो म्हणाला, "काल सकाळी." मी त्याच्या वडिलांस चिठ्ठी लिहून दिली की, आज संध्याकाळच्या आत त्यांस डॉक्टरांकडे न्यावे, आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर संध्याकाळचीही वाट पाहू नये, कारण तो मज्जातंतू डोळ्याचाही आहे व दृष्टी जाऊ शकते. फोड पाठीवर होते. वडील त्याच दिवशी घेऊन गेले.

आठवड्याने तो मुलगा पुन्हा माझ्यापाशी आला. त्याच्या घरी सहा महिन्यांची बहीण आहे, आणि आजी तिला जवळ घेण्यासाठी फार हट्ट करीत होती. आजीची नागीण बाळास लागेल काय, असा त्याचा प्रश्न होता. मी सांगितले की, नागीण म्हणून ती कोणास लागत नाही. परंतु फोडांतील पाण्यातून, ज्यास कांजिण्या झालेल्या नाहीत त्यास कांजिण्या लागू शकतात. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया व आजाराने अशक्त झालेली माणसे यांना त्या जड जातात. यास्तव फोड स्वच्छ कपड्याने झाकलेले असावे, आणि शेवटच्या फोडावर खपली धरीपर्यंत आजीने बाळास मांडीवर घेऊ नये. तुला स्वतःला कांजिण्या होऊन गेल्या आहेत काय? "दुसरीत असताना झाल्या," तो म्हणाला. मग तू आजीपाशी खुशाल बस, तिला पाणी दे, औषधाच्या वेळा सांभाळ.

"अजून दोन फोड ओले आहेत, सर," तो म्हणाला. "मी रोज मोजतो."